चूक आली की थांबायचं, की पुढं रेटायचं?

शिरोलीकर: काल इथं एकानं ठोकून दिलं, "महत्त्वाच्या यंत्रणेतलं सॉफ्टवेअर कधीच थांबू नये. चूक लॉगमध्ये (नोंदींच्या फाईलमध्ये) टाका आणि पुढं चला." वाचून डोकं फिरलं. थेरॅक-२५ हे रेडिएशन मशीन असंच पुढं चालत होतं. स्क्रीनवर नुसतं 'मालफंक्शन ५४', ऑपरेटरनं 'पी' दाबलं की परत सुरू. १९८५ ते १९८७ मध्ये सहा रुग्णांना भयानक डोस बसला, काही दगावले. आमच्याकडं हीट ट्रीटमेंटच्या भट्टीत थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजणाऱ्या सेन्सरची, वायर तुटली. प्रोग्राम शेवटचा आकडा धरून बसला, बर्नर चालूच. अख्खा लॉट भंगारात!

राजारामपुरी_गल्ली: ते मीच लिहिलंय आणि मागं घेणार नाही. एरियन-५ रॉकेट, ४ जून १९९६. ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत मावला नाही, म्हणून दिशा सांगणारा संगणक तुमच्या 'चूक आली की थांबा' या तत्त्वानं बंद झाला. राखीव संगणकात तोच प्रोग्राम, तो मुख्य संगणकाच्या आधीच बंद पडलेला. चाळीसेक सेकंदांत रॉकेट संपलं. आणि त्या हिशेबाची उड्डाणानंतर गरजच नव्हती!

भोगावतीकाठ: राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे बघा की. पाणी चढलं की दाबानं उघडतात, उतरलं की मिटतात. प्रोग्रामच नाही.

चिखलीवाला: कौतुक पुरे. खाली गावं बुडाल्यात हे त्या दरवाज्याला कुठं कळतं? २०१९ च्या पुरात कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ५५ फुटांच्या वर, धोक्याची पातळी ४३. आम्ही जनावरं सोडून बाहेर पडलो.

भोगावतीकाठ: मग धरणावरनं पाणी जाऊ द्यायचं होतं?

चिखलीवाला: धरण वाचलंच पाहिजे, तेवढं मान्य. पण पाऊस येणार हे माहीत असताना आधी जागा का करत नाहीत?

भोगावतीकाठ: आणि नंतर पाऊस दडी मारला तर उसाला पाणी तुम्ही देणार?

शिरोलीकर: पुराचा वेगळा धागा काढा, दादा. राजारामपुरी, थांबणं म्हणजे सगळंच बंद पाडणं नव्हे. २० जुलै १९६९ ला अपोलो ११ चंद्रावर उतरताना १२०२ चा, म्हणजे संगणकावर कामाचा बोजा जास्त झाल्याचा, अलार्म वाजला. संगणकानं रीस्टार्ट घेतला, कमी गरजेची कामं सोडली, उतरण्याचं काम धरून ठेवलं. इंडक्शन भट्टीतही पॉवर तोडतात, पण कॉईल थंड ठेवणारं पाणी चालूच ठेवतात.

राजारामपुरी_गल्ली: अपोलोचं मानलं. पण काय सोडायचं, काय धरायचं हे तिथं आधी ठरलेलं होतं. तुमच्या भट्टीच्या प्रोग्रामची ऑर्डर दिली त्यात सेन्सर तुटल्यावर काय करायचं, ते लिहिलं होतं?

शिरोलीकर: बर्नर बंद करून भोंगा वाजवायचा, हेसुद्धा ऑर्डरमध्ये लिहून द्यायचं?

राजारामपुरी_गल्ली: होय, द्यायचं. प्रोग्राम लिहिणाऱ्यानं भट्टी बघितलेलीच नसते.