पीएचडी गाइड्सच्या वर्कशॉपसाठी फॅसिलिटेटर कसे तयार करायचे?

लॅबवाली
मंडळी, आमच्या युनिव्हर्सिटीत गाइड्ससाठी वर्कशॉप घ्यायचंय. वेगवेगळ्या जातीतून, भाषेतून, गावांतून आलेल्या स्कॉलर्सना गाइड करताना त्यांची पार्श्वभूमी कशी लक्षात घ्यायची, हा विषय. आयक्यूएसीने (युनिव्हर्सिटीचा गुणवत्ता कक्ष) ते माझ्या गळ्यात टाकलंय आणि मी एकटी सगळ्या डिपार्टमेंट्सना कुठे पुरणार, म्हणून आधी काही प्राध्यापकांनाच फॅसिलिटेटर म्हणून तयार करायचं ठरलंय. विस्कॉन्सिन-मॅडिसन युनिव्हर्सिटीच्या सायमर सेंटरचं (CIMER, गाइड्सना ट्रेनिंग देणारं केंद्र) मटेरियल वाचलं, चांगलंय, पण केसेस, म्हणजे चर्चेसाठीचे प्रसंग, सगळ्या अमेरिकेतल्या. आणि खरी भीती वेगळीच आहे, सुरुवातीलाच कोणीतरी सिनियर सर म्हणणार "आमच्या लॅबमध्ये जात-बित कोणी बघत नाही हो", मग सगळे मान डोलावणार आणि चहाची वाट बघत बसणार. तेव्हा फॅसिलिटेटरने करायचं काय?

मॅडिसनकर
मी इथे मॅडिसनला सायमरचं हे ट्रेनिंग केलंय. त्यात लेक्चर जवळजवळ नसतंच. आधी तुम्ही स्वतः गटात बसून केसवर भांडायचं, मग त्यातलाच एखादा भाग तुम्ही चालवायचा आणि बाकीच्यांनी सांगायचं कुठे जास्त बोललात, कोणाला तोडलंत. प्राध्यापकांना गप्प बसायला शिकवणं हेच निम्मं ट्रेनिंग :) २०१४ मध्ये या पद्धतीची रँडमाइज्ड ट्रायल (कोणाला ट्रेनिंग द्यायचं ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवून केलेली चाचणी) छापून आली, १६ संस्था, गाइड-स्कॉलरच्या २८३ जोड्या, ट्रेनिंग फक्त आठ तासांचं, तरी ते घेतलेल्या गाइड्सचे स्किल स्कोअर न घेतलेल्यांपेक्षा जास्त वाढले. अर्थात स्कोअर त्यांनी स्वतःच दिलेले, तेवढं लक्षात ठेवून वाचा. फॅसिलिटेटर मात्र जोडीने पाठवा, एक सिनियर एक ज्युनियर, शक्यतो वेगळ्या डिपार्टमेंटचे.

खान्देशी_गाइड
केसेस आपल्याच लिहा, आणि त्या फॅसिलिटेटर्सनाच ट्रेनिंगमध्ये लिहायला लावा, म्हणजे कोण किती पाण्यात आहे तेही कळतं. उदा. नंदुरबारमधल्या धडगावकडची मुलगी, घरी पावरी ही आदिवासी भाषा बोलतात, शिक्षण मराठी माध्यमातून, लॅब मीटिंग इंग्रजीत असते म्हणून ती गप्प, आणि गाइड आरएसीत (संशोधन सल्लागार समितीत) सांगतो की हिला इंटरेस्ट नाही. किंवा बार्टीची (अनुसूचित जातींच्या स्कॉलर्सना फेलोशिप देणारी राज्याची संस्था) फेलोशिप अडकलेला मुलगा, फील्डवर जायला खिशात पैसे नाहीत, ते सांगायची लाज वाटते, गाइडला वाटतं टाळतोय. आणि पहिल्याच भेटीत "पूर्ण नाव काय? मूळ गाव कुठलं?" असं विचारणं, हे किती जणांना साधं वाटतं ते तपासून बघा.
जात बघत नाही म्हणणाऱ्या सरांशी वाद घालायचाच नाही. शांतपणे विचारायचं की सर, कॉन्फरन्सला गेल्या वेळी कोणाचं नाव पाठवलं? पेपरवर पहिलं नाव कोणाचं? आणि बँकेच्या कामाला, पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला कोण जातं? उत्तर लगेच मागू नका, कागदावर लिहू द्या.

तिसऱ्या_वर्षाचा_स्कॉलर
एक विनंती. आम्हाला तिथे "तुमचा अनुभव सांगा" म्हणून उभं करू नका, समोर बसलेलाच माणूस उद्या आमच्या प्रोग्रेस रिपोर्टवर सही करणार असतो. आणि मध्येच खरी तक्रार निघाली तर ती गटात चघळायची नाही हे फॅसिलिटेटरला आधीच पक्कं माहीत हवं, यूजीसीच्या २०१२ च्या नियमांत भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितलंय, तुमच्याकडे तो कोण आहे ते तरी शोधून ठेवा. आमच्याकडे कोणालाच सांगता येत नव्हतं.

थकलेला_प्रोफेसर
सगळं खरं, पण यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमांनुसार प्रोफेसरला आठ स्कॉलर घेता येतात, वर नॅकच्या (मानांकनाच्या) फायली, परीक्षेची कामं. प्रत्येकाची पार्श्वभूमी कधी समजून घेणार?

मॅडिसनकर
@थकलेला_प्रोफेसर सगळी कुंडली काढायची नाहीये सर. सुरुवातीला दोघांनी बसून अपेक्षांचा एक कागद करायचा, भेटायचं कधी, बोलायचं कुठल्या भाषेत, ड्राफ्ट किती दिवसांत तपासून मिळणार, सुट्टी कशी मागायची. आठ जणांचे आठ कागद, पुढचा मनस्ताप बराच वाचतो.

लॅबवाली
धन्यवाद सगळ्यांना. केसेस लिहून घ्यायचं नक्की करतेय, धडगावची केस वापरली तर चालेल ना @खान्देशी_गाइड? स्कॉलर्सना बोलवायचं मी प्लॅनमध्ये ठेवलं होतं, ते काढते. त्याऐवजी त्यांच्याकडून नाव न घालता चिठ्ठ्या मागवाव्यात का, की हस्ताक्षरावरून ओळखतील?

तिसऱ्या_वर्षाचा_स्कॉलर
ओळखतील. टाइप करून घ्या, आणि दुसऱ्या युनिव्हर्सिटीतून मागवा.