रिकाम्या गुऱ्हाळात स्पिरुलिना: बायबॅकच्या भरवशावर उडी घ्यावी का?

चिपाड_शिरोळ
आमचं शिरोळ तालुक्यात गुऱ्हाळ होतं. आजोबा गेले, चांगला गुळव्या मिळेना, चार वर्षं शेड रिकामं आहे. मागची सव्वा एकर क्षारपड, ऊस धड उगवत नाही. गेल्या महिन्यात एका कंपनीचा माणूस आला. म्हणाला, स्पिरुलिनाचे, म्हणजे खायच्या शेवाळाचे, १० बाय २० फुटाचे आठ टँक घाला, बियाणं आम्ही देतो, वाळवलेला माल आम्हीच उचलतो. डिपॉझिट तीन लाख. घरातले तयार आहेत. मला मात्र आधी इमू आठवतो आणि मग कडकनाथ. आमच्याच गल्लीत दोघांचे पैसे बुडालेत. शेवाळावर खरंच धंदा उभा राहतो का? इकडं कुणी केलंय का? बोअरचं पाणी चालेल का?

उद्यमनगर_लेथ
केलंय भावा. वर्कशॉपच्या मागं एकच टँक, अडीच वर्षं. आधी हिशोब कर. १० बाय २० म्हणजे साडेअठरा चौरस मीटर. उघड्या टँकात चौरस मीटरला रोज ५ ते ८ ग्रॅम सुका माल धर. एका टँकला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, तेही ऊन असेल तर. जून ते सप्टेंबर आपल्याकडं ऊन कुठलं? त्या माणसानं बारा महिने गुणून दाखवलं असणार.

वाढवणं अवघड नाही. डब्याचं पांढरं झाकण काठीला लावून पाण्यात सोडायचं, दोन-तीन सेंटीमीटरवर दिसेनासं झालं की काढणी. पहाटे काढायची, ४० मायक्रॉनच्या कापडातून. खाली पडणारं पाणी जवळजवळ नितळ दिसलं पाहिजे. माझं एका मे महिन्यात वळीव आत शिरल्यावर हिरवंच पडायला लागलं. पीएच, म्हणजे पाण्याचा अल्कपणा, उतरला होता आणि क्लोरेला नावाचं दुसरंच शेवाळ घुसलं होतं. ते इतकं बारीक की कापडात थांबतच नाही. अख्खा टँक ओतला. पुस्तकातल्या मापानं लिटरला १६.८ ग्रॅम खायचा सोडा, म्हणजे २० सेंटीमीटर पाण्याला ६२ किलो. तो सगळा गटारात. तेव्हापासून वर पॉलिथीन आहे. आणि एरवी गाळलेलं पाणी थेंबभरही टाकत नाही, परत टँकात जातं.

खरी गोची वाळवण्यात. चोथा दाबून पाणी काढायचं, चकलीच्या सोऱ्यातून शेवेसारख्या तारा जाळीवर पाडायच्या, ६० अंशांच्या आत वाळवायच्या. थेट उन्हात टाकल्या तर रंग उडतो. उशीर झाला तर असा वास सुटतो की शेजारी पोत्यात काय मेलंय म्हणून विचारायला येतात. (आले होते.)

शेवाळबाई
मी वनस्पतिशास्त्र शिकवते. बोअरच्या पाण्याची आधी तपासणी करा. क्षारपड भागात पाणी बहुधा जड असतं. पीएच १० जवळ गेला की त्यातलं कॅल्शियम पांढरं होऊन तळाशी बसतं आणि फॉस्फेटही घेऊन जातं. पन्हळीचं पावसाचं पाणी साठवलंत तर आपल्याकडे त्याला तोटा नाही. क्षारपड जमिनीला मात्र अडचण नाही, टँकाला मातीचा कस लागत नाही.

बियाणं खात्रीच्या संवर्धनातूनच घ्या. "रंकाळ्यात फुकट शेवाळ आहे की" असं मला दर वर्षी एक तरी विद्यार्थी म्हणतो. तळ्यातल्या हिरव्या सायीत मायक्रोसिस्टिस हे विषारी शेवाळ असू शकतं, त्याचं विष यकृताला लागतं. खाण्याचा माल म्हणजे एफएसएसएआयचा परवाना हवा, आणि जड धातू व जंतूंची तपासणीही. पाकिटावर बी-१२ भरपूर असं छापू नका. स्पिरुलिनात सापडतं ते बहुतांशी माणसाच्या उपयोगाचं नसतं. प्रथिनं खरोखर ५५ ते ६५ टक्के असतात, तेवढं सांगितलं तरी पुरे.

मोठा उद्योग करायचा तर सोड्याचा खर्च कमी व्हायला हवा. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत मळी आंबताना बऱ्यापैकी शुद्ध कार्बन डायऑक्साइड निघतो आणि सोड्यातून शेवाळ नेमका कार्बनच घेतं. पण ते काम एकट्या शेतकऱ्याचं नव्हे.

चिपाड_शिरोळ
लेथवाले दादा, गुऱ्हाळाची चुलवण आहेच. तिच्यावर वाळवलं तर?

उद्यमनगर_लेथ
चिपाडाचा धूर मालाला लागला की संपलं. चुलवणीवरून बंद पाइप फिरवून नुसती गरम हवा घे, ते मी करून देतो. शेड वाळवणीला ठेव, टँक मागं क्षारपडीत घाल. आणि आठ नको, एकच. गावात अजून तिघं-चौघं तयार झाले तर दुधासारखं करा: पहाटे प्रत्येकानं आपला चोथा आणायचा, वाळवणी एका जागी, तपासणीचा खर्च वाटून. डिपॉझिट देण्याआधी त्या कंपनीला एकच विचार, तुमचा माल विकत घेणारं दुकान दाखवा.

चिपाड_शिरोळ
विचारलं. म्हणाला एक्स्पोर्ट होतो. कुठं ते सांगितलं नाही, आता फोनही उचलत नाही. बरं झालं. एक टँक दिवाळीनंतर घालतोय. आईची अट एवढीच, घरातल्या सोऱ्याला हात लावायचा नाही, नवा आण.