पाणी आत शिरतं कसं?

खडकात शिरलेल्या पाण्यामुळे जुनी खनिजं बदलून नवी बनतात. यावर एकांनी म्हटलंय की घट्ट खडकात पाणी फार खोल शिरू शकत नाही, म्हणून हा रासायनिक बदल भेगांच्या कडेपुरताच राहायला हवा. शंका रास्त आहे, पण इथे खनिज स्वतःच पाण्याला वाट करून देतं.

जुनं खनिज आणि द्रव (म्हणजे क्षार विरघळलेलं पाणी) यांच्या सीमेवर अगदी पातळ थरात जुनं विरघळतं आणि तिथेच नवं जमतं. त्यामुळे स्फटिकाचा बाह्य आकार बऱ्याचदा तसाच राहतो. नव्या खनिजात मात्र बारीक छिद्रं राहतात आणि त्यांतूनच द्रव पुढे सरकतो. गढूळ दिसणारं फेल्डस्पार (खडकांत सर्रास आढळणारं खनिज) बहुधा अशाच छिद्रांमुळे गढूळ असतं.

ऑलिव्हिन (मॅग्नेशियम आणि लोह असलेलं हिरवट खनिज) असलेल्या खडकाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली जरूर पाहा. भेगांच्या कडेने सर्पेंटाइनची, म्हणजे ऑलिव्हिन आणि पाणी यांतून बनलेल्या नव्या खनिजाची, जाळी, जाळीच्या घरांत उरलेले ताज्या ऑलिव्हिनचे ठिपके, अधेमधे मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे काळे कण. अर्धवट थांबलेली अभिक्रियाच समोर दिसते! सर्पेंटाइनच्या वजनात सुमारे १३ टक्के पाणी असतं, म्हणजे पाणी चक्क खडकाचा भाग होतं. ऑलिव्हिनमधल्या लोहाचं पाण्यामुळे ऑक्सिडीकरण होताना हायड्रोजन सुटतो. अटलांटिकच्या तळाशी २००० साली सापडलेल्या ‘लॉस्ट सिटी’ नावाच्या गरम झऱ्यांत तो मिळतो, आणि ते पाणी चांगलंच अल्कधर्मी आहे.

नवं खनिज कोणतं बनेल, यात तापमानाचा वाटा असतोच. माझ्या मते द्रवाची आम्लता तितकीच महत्त्वाची: तेच फेल्डस्पार जास्त आम्लधर्मी द्रवात केओलिनाइट (पांढरी चिकणमाती) होतं, एरवी सेरिसाइट (बारीक कणांचा अभ्रक).