ढिगांचा वास कल्चरने जाणार नाही

ओल्या कचऱ्याच्या खतप्रकल्पातल्या ढिगांना दुर्गंधी येते म्हणून कल्चर (कचरा कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांचे विरजण) वाढवा, असे सुचवले जाते. त्याने फारसा फरक पडणार नाही. वासाचे मूळ बहुतेक वेळा पाण्यात असते. ओला कचरा आधीच पाणीदार. ते पाणी हवेच्या फटी भरून टाकते, ढीग आतून गुदमरतो आणि ऑक्सिजनविना कुजू लागतो. मूठभर माल घट्ट दाबून पाहा: एखाददुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर वाळलेला पाला, भुसा किंवा फांद्यांचे तुकडे मिसळा. (तुकडे भुशापेक्षा बरे, ते दबून बसत नाहीत.) अशा वाळलेल्या मालातून कार्बन मिळतो, ओल्या कचऱ्यातून नायट्रोजन; त्यांचे प्रमाण ३०:१ च्या आसपास आले की अमोनियाचा झोंबरा वासही उतरतो.

उंची दीड-दोन मीटरच्या वर नको. गाभ्यात ५५ अंश सेल्सिअस तापमान १५ दिवस टिकावे आणि त्या काळात ढीग किमान ५ वेळा उलटावा, तोही बाहेरचा थर आत जाईल असा. नाहीतर कडेचे रोगजंतू आणि तणाच्या बिया जिवंत राहतात. पावसाळ्यात छप्पर नसेल तर सगळी मेहनत पाण्यात.

मिश्र कचरा आणून शेवटच्या चाळणीवर भिस्त ठेवू नका. प्लास्टिक बरेचसे निघते, काचेचा चुरा मात्र खतात उतरतोच.