सल्ला हवा: नोकरी सोडून सार्वजनिक आरोग्यात पदव्युत्तर शिक्षण घ्यावं का?

प्राजक्त:
नमस्कार. पाच वर्षं बालरुग्ण विभागात परिचारिका आहे. जुलाबाने कोरडं पडलेलं मूल सलाईन लावून बरं करायचं, घरी पाठवायचं, आणि महिन्याभरात तेच मूल पुन्हा त्याच खाटेवर. हे आता बघवत नाही, म्हणून एमपीएच करायचं मनात आहे. पण गणित शाळेनंतर सुटलं ते सुटलंच. शिवाय अभ्यासक्रम निवडायचा कशावरून? माहितीपत्रकं सगळी सारखीच वाटतात. अनुभवी लोकांनी मोकळेपणाने लिहावं.

पाऊलवाट:
एपिडेमिऑलॉजी (आजार कुणात, कुठे आणि का पसरतो याचा अभ्यास) घेऊन एमपीएच केलं, त्याला चार वर्षं झाली. तुम्ही जरूर जा. हातात असा प्रश्न घेऊन येणारे विद्यार्थी थोडेच असतात.

गणिताची भीती आधी काढते. एक लाख लोकांत १०० जणांना आजार आहे. चाचणी आजारी माणसांपैकी ९९ टक्के पकडते आणि निरोगी माणसांपैकी ९५ टक्क्यांना बरोबर ‘निगेटिव्ह’ म्हणते. मग पॉझिटिव्ह किती? ९९ खरे आणि ४,९९५ खोटे! म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या पन्नास जणांत जेमतेम एक आजारी. यात गुणाकार-भागाकारापलीकडे काही नाही, अवघड आहे ते असा विचार करायची सवय लावणं. असे चौकटीतले हिशेब आधी कागदावर करा. आर किंवा स्टाटा ही आकडेमोडीची सॉफ्टवेअर मागाहून येतात.

माझी मोठी चूक पहिल्या सत्रातली. सर्वेक्षणात ज्या घरांना कुलूप होतं, ती मी यादीतून सरळ काढून टाकली आणि टक्केवारी मांडली. बाईंनी एवढंच विचारलं, “दुपारी घरी कोण नसतं?” रोजंदारीवर जाणारी माणसं! ज्यांच्यासाठी सर्वेक्षण होतं तीच गळाली होती. पुढचे तीन रविवार संध्याकाळी त्या दारांवर गेले, आणि आकडे बदलले. त्या एका प्रश्नाने जे शिकवलं ते पूर्ण सत्राने शिकवलं नाही.

जे यादीत दिसत नाहीत त्यांना शोधायचं, हे जुनंच आहे. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर कॉलरा पसरला तेव्हा जॉन स्नो या डॉक्टरने तिथल्या पाण्याच्या सार्वजनिक पंपाभोवतीचे मृत्यू मोजलेच. पण पंपाजवळ राहूनही वाचलेल्यांचीही त्याने चौकशी केली. जवळच्या अनाथ-गरिबांच्या आश्रमात ५३५ जण होते, त्यांतले पाचच कॉलऱ्याने गेले, कारण तिथे स्वतःची विहीर होती. उलट हॅम्पस्टेडला लांब राहणारी एक विधवा गेली, कारण तिला त्याच पंपाचं पाणी आवडायचं आणि ती ते मागवून घ्यायची.

निवडीबद्दल: माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि सध्याच्या विद्यार्थ्यांना गाठा. क्षेत्रकामाची जागा संस्था मिळवून देते की स्वतः शोधावी लागते? प्रबंधाच्या मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी आहेत? शेवटचा मसुदा परत यायला किती दिवस लागले? माझा दोन महिने पडून होता.

सायली_व:
पाऊलवाट यांच्याशी सहमत, एक भर. फीबरोबरच बुडणारा पगारही हिशेबात धरा. बिनपगारी रजा मिळते का, अर्धवेळ अभ्यासक्रम आहे का, हे आधी पाहा. मी घाईत राजीनामा दिला आणि दुसरं वर्ष फार ओढाताणीचं गेलं.

प्राजक्त:
दोघींचे मनापासून आभार. अर्ज करायला अजून सहा महिने आहेत. तोवर काय करू?

पाऊलवाट:
विभागप्रमुखांची आणि नैतिक समितीची रीतसर परवानगी काढा आणि नावं वगळून नोंदवहीतून मोजायला लागा. एका वर्षात जुलाबाची किती मुलं आली, त्यांतली किती पुन्हा आली, कुठल्या वस्तीतली? मात्र जी पुन्हा आली नाहीत ती बरी झाली, असं गृहीत धरू नका. काहींनी दुसरा दवाखाना गाठला असेल, काही पोचलीच नसतील.

प्राजक्त:
आत्ताच नोंदवही उघडून पाहिली. वस्ती लिहिलेली असते, पिण्याचं पाणी कुठलं ते कधीच नाही. परवानगीचं उद्या सकाळीच विचारते.