शंख-खेकडा मेला की कात टाकली?

दर्यापूरवाला: मुंबईहून आणलेले दोन समुद्री शंख-खेकडे ४० लिटरच्या टाकीत ठेवले आहेत. आज सकाळी पाहतो तर एकाचे पाय, नांग्या रेतीवर पडलेल्या, शंख कोपऱ्यात उलटा. आई म्हणते, फेक, वास सुटंल. मेला काय? अन् पाणी रोज बोटभर उतरते. आमचा खारपाणपट्टा, बोअर खारटच, तेच वरून टाकतो. चालते ना?

वर्धेकडचा: थांब भाऊ, फेकू नको! ते पाय उचलून पाह. पोकळ, कागदासारखे हलके असतील, तर ती कात. डोळ्यांच्या दांड्यांसकट निघते. मेलेला असता तर आईला वासानंच समजलं असतं. नवं कवच कडक होईस्तोवर त्याला डिवचू नको. मोठे रिकामे शंख दोन-चार टाकून ठेव, नाहीतर जोडीदाराच्या शंखासाठी भांडतील.

जुना टाकीवाला: बोअरचं पाणी बंद कर. खारपाणाचे क्षार म्हणजे समुद्र नव्हे. शिवाय वाफ होते ती पाण्याची, मीठ टाकीतच राहते, म्हणून वरून साधं आरओचंच पाणी. टाकीतल्या खाऱ्या पाण्याची घनता (साधं पाणी १ धरून) १.०२५ च्या आसपास ठेव. घरचं मीठ नाही, मरीन सॉल्टच, म्हणजे समुद्री टाकीसाठीचं मीठ. आणि माशांचं तांब्याचं औषध टाकशील तर खेकडे गेलेच. मे महिन्यात काय करशील ते आताच ठरव. २७ अंशांवर पाणी जाऊ नये, अन् आपल्याकडं तर लाइनच जाते.

दर्यापूरवाला: पोकळच निघाले! शंखात टॉर्च मारला, आत दोन डोळे. आईनं पण पाहिले.