जपानी सहकाऱ्याला ठाणे-नवी मुंबईत कॅमेरा घेऊन कुठे न्यावं? आणि गाणं-बजावणं कुठे ऐकवावं?

ऐरोली_पूल | ११ जानेवारी

नमस्कार मंडळी. आमच्या ऑफिसात नागोयाहून एक गृहस्थ दोन वर्षांसाठी आलेत. वय पन्नाशीच्या पुढे, घरची मंडळी तिकडेच, घोडबंदर रोडला सतराव्या मजल्यावर एकटे राहतात. ऑफिसात सगळे त्यांना नुसतं 'सान' म्हणतात (जपानीत नावापुढे लावतात ते, आपल्या 'राव'सारखं). मराठी "चहा झाला?" एवढंच, पण ते दिवसातून चार वेळा.

शौक दोनच, फोटो आणि संगीत. गळ्यात छोटासा कॅमेरा, त्याला ३५ मिमीची एकच लेन्स, ती ते कधीच बदलत नाहीत. दर सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मला आठवड्याचे फोटो दाखवतात. परवा पाहताना लक्षात आलं की सगळेच्या सगळे खिडकीतून काढलेले होते. येऊरचा डोंगर, खाली रिक्षांची रांग, समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या गाद्या. मला जरा कसंसंच झालं.

गाण्याचं म्हणाल तर मी त्यांना एका मैफलीला नेलं होतं. विलंबित (संथ लयीतला) ख्याल सुरू झाला आणि वीस मिनिटांत दोघेही पेंगलो. ते निदान ताठ बसून पेंगले.

गाडी माझी, रविवार मोकळा. मला फ्लेमिंगोपलीकडे काही सुचत नाही. सुचवा.

खाडीकाठ | ११ जानेवारी

फ्लेमिंगो दाखवाच, पण भरतीचं वेळापत्रक बघून. लोक सकाळी उठून वाट्टेल तेव्हा जातात आणि "पक्षी नव्हतेच" म्हणून परत येतात. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो, तेव्हा ते तिथे चरत पांगलेले असतात. भरतीत चिखल बुडाला की उडून नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळीत येऊन बसतात. म्हणजे भरती असेल तर नेरूळच्या टी. एस. चाणक्य या जहाजी प्रशिक्षण संस्थेच्या मागे किंवा डीपीएस तलावावर जायचं. सकाळची भरती गाठलीत तर उत्तम, ऊन पाठीशी आणि पक्षी समोर.

दुसरा मार्ग तुमच्या घराजवळचाच. ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र, तिथून वनखात्याची बोट सुटते. तीही भरतीवरच, कमी पाण्यात बोट जाणार कशी! आधी बुकिंग करा. ठाणे खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर केलं, २०२२ला रामसर यादीतही (महत्त्वाच्या पाणथळींची आंतरराष्ट्रीय यादी) नाव आलं. त्यांना हे सांगा. आपल्या माणसांना सांगून उपयोग नसतो, ते विचारतात पार्किंग आहे का.

शटर_काका | १२ जानेवारी

खाडीकाठ, सगळं बरोबर, पण ३५च्या लेन्सने फ्लेमिंगो म्हणजे चिखलात सांडलेल्या गुलाबी रांगोळीचे ठिपके. त्यासाठी ४०० मिमीची लांब लेन्स लागते. बोटीत ट्रायपॉड निरुपयोगी, इंजिनाची थरथर सगळी त्यात उतरते. शटर १/१०००च्या वर ठेवून हातानेच काढायचे.

या माणसाकडे ३५ आहे म्हणजे त्याला माणसं हवी आहेत, पक्षी नकोत. ३५ने जवळ जावं लागतं. आणि अनोळखी गावात जवळ जायची चोरी वाटते, म्हणूनच तो खिडकीत बसलाय. त्याला जागा नका शोधू, ओळख काढून देणारं कोणीतरी शोधा.

आणि कोणी ड्रोन सुचवायच्या आधीच सांगतो: तिकडून आणू देऊ नका. ड्रोनच्या आयातीवर २०२२पासून बंदी आहे, कस्टममध्ये अडकेल.

मीनल_बेलापूर | १२ जानेवारी

काकांना +१. बेलापूरजवळच्या दिवाळे गावचा मासळी बाजार बघा. सकाळी जा, पण एक नियम पाळा: आधी वाटा घ्यायचा, मग कॅमेरा काढायचा. बोईटाचा घ्या, निवट्यांचा (खाडीच्या चिखलातले छोटे मासे) घ्या, काहीही घ्या. माझा चुलतभाऊ काही न घेता टोपल्यांचे फोटो काढत फिरला, तर एका मावशीने त्याला ओल्या हाताने जे काही सुनावलं ते इथे लिहिता येणार नाही. वाटा घेतल्यावर त्याच मावशीने पदर सारखा करून "आता काढ" म्हणून सांगितलं.

तुमच्या सानना निवटी साफ कशी करायची ते मात्र माहीत नसणार. ती तुम्ही घरी न्या.

षड्ज | १२ जानेवारी

विलंबिताने सुरुवात केलीत हीच चूक. नवख्या कानाला आधी द्रुत बंदिश, तराणा, नाट्यपद. संतूर किंवा बासरीची जुगलबंदी असेल तर फारच छान. ठाणे महापालिकेचा पं. राम मराठे स्मृती संगीत महोत्सव दरवर्षी होतो, त्यात गायन, वादन, नृत्य सगळं असतं, एखादं सत्र तरी त्यांना पकडेलच.

शिकायची इच्छा असेल तर वाशीचं गांधर्व महाविद्यालय. तबल्याला घाला. तबल्याचे बोल तोंडाने म्हणायचे असतात, त्यामुळे भाषा न येणाराही आठवड्याभरात 'धा धिं धिं धा' म्हणायला लागतो. वयाची काळजी नको, माझ्याबरोबर प्रारंभिकच्या परीक्षेला एक निवृत्त आजोबा होते. परीक्षकांपेक्षा मोठे.

दिवागावचा_पोरगा | १३ जानेवारी

एवरं लांब कशाला जाता? ऐरोलीलाच हाव ना तुमी? लग्नाचा सीझन आहे. आमच्याकडे पुढच्या आठवड्यात चुलतबहिणीची हळद आहे, साहेबांना घेऊन या. हळदीला बेंजो पार्टी आहे, म्हणजे बेंजो-ढोल वाजवणाऱ्यांचा ताफा. आमची आजी धवलारीण आहे, धवले म्हणजे लग्नातली पारंपरिक गाणी, ती तीच गाते. तिचं गाणं आता ऐकायला मिळत नाही कुठे. फोटो काढा हवे तेवढे, मी सांगतो घरात. फक्त जेवल्याशिवाय जायचं नाही.

षड्ज | १३ जानेवारी

धवले जरूर ऐकवा, पण बेंजो? माणूस संगीत ऐकायला आलाय हो. आमच्या इमारतीखाली तो ताफा थांबला की खिडक्यांच्या काचा ठेका धरतात.

दिवागावचा_पोरगा | १३ जानेवारी

दहा वाजता बंद करतो आम्ही, नियम माहीत आहे. आणि बेंजोवाला मुलगा ऐकलेलं गाणं दुसऱ्या मिनिटाला वाजवून दाखवतो, कागद न बघता. ते तुमच्या परीक्षेत आहे का?

कोपरी_पूर्व | १३ जानेवारी

भांडू नका 🙂 अवांतर, पण महत्त्वाचं. त्यांना आत्ताच सांगा की जूनच्या आधी हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या घेऊन ठेवा. माझ्या मेव्हण्याने पाऊसभर कॅमेरा चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला. गणपतीत काढला तर लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. आर्द्रता ४०-५० टक्क्यांत राहील असं बघा, डब्यात टाकायला छोटे मीटर मिळतात. तबला घेतलात तर तोही जपा, पावसाळ्यात पुडी (वरचं चामडं) सैल पडून आवाज उतरतो.

ऐरोली_पूल | २ फेब्रुवारी

धागा वर काढतोय, कारण मला हे कोणालातरी सांगायचंच आहे.

फ्लेमिंगो झाले. खाडीकाठ यांच्या म्हणण्याप्रमाणे भरती धरून गेलो, दोनेकशे पक्षी मिळाले. सानांनी चार फोटो काढले आणि मग पाठ फिरवून, मोठमोठ्या लेन्स लावून ओळीने उभ्या असलेल्या माणसांचे चाळीस काढले. शटर_काका, तुम्ही जिंकलात.

मग हळद. मंडपात शिरल्यावर ते माझ्यामागे लपूनच उभे होते, कॅमेऱ्यावर झाकण तसंच. पोरगाच्या आजीने त्यांच्या गालाला हळद फासली तेव्हा जरा हसले. आजी एक ओळ म्हणायची, बाजूच्या दोघी ती उचलून धरायच्या. माइक नाही, पेटी नाही. सान डोळे मिटून ऐकत होते. पेंगत नव्हते, मी खात्री केली.

आठच्या सुमाराला बेंजो पार्टी आली. कच्छी ढोल, ताशे, ऑक्टोपॅड, आणि पुढे गळ्यात पट्टा अडकवलेला बेंजोवाला. सान एकदम पुढे घुसले. मला वाटलं फोटोसाठी. तर ते त्या मुलाच्या हातांजवळ वाकून बघतायत. डाव्या हाताखाली टाइपरायटरसारखी बटणं, उजव्या हातात नखी. त्यांनी माझा दंड धरला आणि म्हणाले, "हे आमचं आहे." मी म्हटलं, नाही हो, हे आगरी-कोळ्यांचं आहे. तर ढोल चालू असताना, माझ्या कानात ओरडून ते सांगतायत की त्यांची आई हेच वाजवते, टेबलावर ठेवून, दर गुरुवारी शेजारणींबरोबर. त्याला तिकडे 'ताइशोगोतो' म्हणतात.

घरी येऊन शोधलं. खरं आहे! १९१२ साली नागोयातच गोरो मोरिता नावाच्या माणसाने ते वाद्य बनवलं. तारा आणि टाइपरायटरची बटणं. तेच आपल्याकडे येऊन बुलबुलतरंग झालं, आणि त्याला पिकअप, अँप लावून आपल्या पोरांनी त्याचा बेंजो केला.

रात्री दहाला वाजवणं थांबल्यावर त्या मुलाने बेंजो त्यांच्या हातात दिला, अँप बंद करून. सानांनी खुर्चीवर बसून, मांडीवर आडवा ठेवून काहीतरी हळू वाजवलं. दोन ठिकाणी चुकले. बाकी वादक घामाने थबथबलेले, पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन भोवती उभे. फोटो काढायला तेव्हा कोणीच नव्हतं, कॅमेरा त्यांच्याच गळ्यात होता आणि मला सुचलं नाही.

षड्ज | २ फेब्रुवारी

बुलबुलतरंग आमच्या घरी माळ्यावर आहे, आजोबांचा. तारा गंजल्यात, दोन बटणं अडकतात. बेंजोबद्दल जे लिहिलं ते अर्धं मागे घेतो. काचा हलतात हे खरंच आहे.

दिवागावचा_पोरगा | ३ फेब्रुवारी

आजी विचारते, जपानी पावना परत कधी येनार. बेंजोवाल्यांची तालीम बुधवारी रात्री असते, शाळेच्या मागच्या शेडमध्ये, साडेआठला. षड्ज, तुमचा तो माळ्यावरचा घेऊन या. तारा आमच्याकडे आहेत.

ऐरोली_पूल | ३ फेब्रुवारी

सानांना विचारलं. ते म्हणाले, "चहा झाला," म्हणजे येतायत. मीनलताई, निवटी साफ कशी करायची तेवढं लिहा, काल दोन वाटे घेतलेत आणि बायको बोलत नाहीये.